बाबांचे मेज

खाप्याच्या हातमागाच्या कापडाचे हिशेब बाबांनी आयुष्यभर उतरत्या झाकणाच्या बैठ्या मेजावर लिहिले. ब्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यांना मांडी घालणे झेपेना, तेव्हा मी नागपुराहून एक जुने सागवानी टेबल आणले. लाकूड उत्तम, खणांचे सांधे पक्के, वाळवीचा मागमूस नाही. उंची मात्र मी, डॉक्टर असूनही, मोजली नाही. ती ८१ सेंटिमीटर निघाली. महिनाभरात बाबांची मान दुखू लागली आणि मी वेदनाशामक गोळ्या दिल्या. त्याआधी त्यांना लिहिताना एकदा पाहायला हवे होते. खांदे कानांपर्यंत चढलेले असत.

पाठ टेकून, खांदे सैल सोडून बसल्यावर कोपर काटकोनात राहील, एवढीच टेबलाची उंची असावी. मधला खण मांड्यांना अडतो का, तेही बसून पाहावे. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरात नातवंडे असतील तर तो कोरडा घासू नये.

सुताराने पाय कापण्याचे सुचवले. इतक्या जुन्या वस्तूला करवत लावणे माझ्या जिवावर आले. बाबा म्हणाले, "काप रे, माझीही उंची कमी झालीच आहे."

दहा सेंटिमीटर कापले. बैठे मेज त्यांच्या उशाशी आहे. दिवाळीचे वहीपूजन अजून त्यावरच होते.