निगेटिव्ह आलेल्यांची धास्ती

एचआयव्ही चाचणी केंद्रात समुपदेशक म्हणून काही वर्षं काढली की माणसांच्या घाबरण्याच्या तऱ्हा ओळखू येऊ लागतात. ज्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो ते हादरतात, रडतात, गप्प होतात. पण थोड्याच दिवसांत गोळी रात्री घ्यायची की सकाळी, कंपनीत सांगावं लागतं का, मुलांची तपासणी कधी करायची, असे कामाचे प्रश्न विचारू लागतात. ज्यांचा निगेटिव्ह येतो त्यांतले बहुतेक कागदाची घडी घालून खिशात टाकतात आणि पुन्हा दिसत नाहीत. उरतात ते थोडे. त्यांना काही झालेलं नसतं, होण्यासारखं फारसं काही घडलेलंही नसतं, तरी ते येत राहतात. दवाखान्यात त्यांची थोडी चेष्टाच होते. मला मात्र सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते त्यांनीच.

आमच्या खोलीचं सरकारी नाव ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’. सगळे आयसीटीसी म्हणतात. चाचणी मोफत, रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात. एचआयव्हीविषयीचा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करायची नाही आणि कुणाची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, हे आता कायद्यानंच सांगितलेलं आहे. म्हणून इथे ज्याच्याविषयी लिहिते आहे तो कुणी एक माणूस नाही. अनेकांच्या हकिकती एकत्र करून मी तो उभा केला आहे.

तो तिशीच्या आतबाहेरचा. एमआयडीसीत नोकरी, लग्न ठरलेलं किंवा नुकतंच झालेलं. खुर्चीच्या कडेवर टेकून सांगतो, “मॅडम, एका मित्रासाठी विचारायचं होतं.” मी मित्राची हकिकत ऐकून घेते. जरा वेळानं मित्र आपोआप बाजूला होतो. घडलेलं असतं ते असं: ऑफिसच्या सहलीत मसाज पार्लरला गेला, एवढंच. किंवा कुणाचं तरी चुंबन घेतलं. किंवा निरोध वापरून एकदा संबंध आला आणि निरोध फाटलाही नव्हता.

मग मी नेहमीचं सांगते. हा विषाणू रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध यांतून जातो. लाळेतून, घामातून, अश्रूंतून जात नाही. डास चावून किंवा एका ताटात जेवून होत नाही. निरोध नीट वापरला तर धोका फारच कमी. खरोखरचा धोका पत्करला गेला असेल, तर ७२ तासांच्या आत, लागण रोखणाऱ्या पीईपीच्या गोळ्या सुरू करून २८ दिवस घेता येतात. त्या बाबतीत लाजत बसू नये, आधी दवाखाना गाठावा. आणि निरोध न वापरता बाधित, उपचार न घेणाऱ्या स्त्रीशी योनीमार्गे संबंध आला, तर त्या एका वेळी पुरुषाला लागण होण्याची शक्यता अमेरिकेच्या सीडीसीच्या अंदाजानुसार १०,०००मध्ये ४ इतकी असते. तुमच्या बाबतीत तर तेही घडलेलं नाही.

तो मान डोलावतो. मग विचारतो, “पण मॅडम, त्या चौघांना होतोच ना?”

या प्रश्नावर पूर्वी मी आणखी आकडे सांगायची. आता थांबते. कारण त्याचं गणित कच्चं नसतं. उरलेल्या नऊ हजार नऊशे शहाण्णवांत आपली जागा नाही, हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं.

मग लक्षणं निघतात. रात्री घाम येतो, जीभ पांढरी दिसते, पोट बिघडलं आहे, वजन तीन किलो उतरलं, गळ्याशी गाठ लागते. फोनमध्ये जिभेच्या फोटोंचा वेगळा अल्बम असतो, रोजचा एक, ट्यूबलाइटखाली काढलेला. जबड्याखाली दोन्ही बाजूंना बोटांनी दाबून दाबून कातडी लाल झालेली असते. लागणीनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी असं होतं, हे खरंच आहे. पण यातलं एकही लक्षण एचआयव्हीचं स्वतःचं नाही. फ्लूत हेच होतं, डेंग्यूत यातलं बरंच होतं, आणि काही लोकांना तर लागण होऊनही काहीच जाणवत नाही. लक्षण आहे म्हणून आजार आहे असं नाही, नाही म्हणून तो नाही असंही नाही. उरलेल्या यादीचा उगम तर धास्तीतच असतो. झोप नाही, जेवण जात नाही, मग वजन उतरणारच. घाबरलेल्या माणसाला घाम येतो, तोंडाला कोरड पडते, पोट बिघडतं. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणात आम्हाला लक्षणांची यादी शिकवली, त्याच रात्री मी आरशापुढे उभी राहून गळा चाचपला होता. माझ्या आयुष्यात धोक्याचं काही नव्हतं, तरी गाठ सापडली. सडपातळ माणसाच्या जबड्याखाली आणि जांघेत अशा बारीक गाठी हाताला लागतातच, आणि दिवसभर दाबत राहिलं तर त्या दुखूही लागतात. शोधायला बसलं की शरीर कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवत नाही.

मग फोल्डर उघडतो. खासगी लॅबचे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले. एलायझा, फोर्थ जनरेशन, कुणी हजारो रुपये घालून पीसीआरही केलेली. सगळीकडे नॉन-रिॲक्टिव्ह. तो त्या शब्दाकडे बघतच नाही. त्याखालच्या आकड्यावर बोट ठेवतो. “आधी ०.१२ होतं, आता ०.१८ झालंय. वाढतंय ना?” मशीन प्रत्येक नमुन्याची तुलना एका ठरलेल्या मर्यादेशी करतं, ती १.०० असेल, तर त्याखालचे सगळे आकडे सारखेच. ०.१२ आणि ०.१८ यांच्यात अर्थ असा काही नाही. पण ज्याला कुठून तरी संकेत हवा आहे त्याला दोन दशांश स्थळंही पुरतात. रिपोर्टच्या तळाशी ‘क्लिनिकली को-रिलेट करावे’ अशी छापील ओळ असते. ती प्रत्येकाच्या रिपोर्टवर असते. याला वाटतं, ती आपल्यासाठी लिहिली आहे.

ही भीती त्यानं एकट्यानं उभी केलेली नाही. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन यांच्या पुढाकारानं देशातली पहिली लागण उजेडात आली. त्या माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. पुढे १९९३मध्ये वडिलांच्या नावानं काढलेल्या संस्थेत त्यांनी उपचारांच्या बरोबरीनं समुपदेशनावर भर दिला. पण देशाची पहिली प्रतिक्रिया तशी नव्हती. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसूझा हा रक्तदान करणारा तरुण बाधित असल्याचं कळलं, तेव्हा त्याला पोलिसांनी उचललं आणि क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं. आजार झालेल्या माणसाचं काय करतात, हे लोकांनी असं शिकून घेतलं.

मी कॉलेजात होते तेव्हा, २००२च्या अखेरीस, मुंबईत ठिकठिकाणी होर्डिंग लागली होती: ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ पाशा हे काल्पनिक पात्र. त्याची चर्चा नाक्यानाक्यावर होती. लोकांना धोका आपल्यापर्यंत येऊ शकतो हे कळावं, म्हणून ती मोहीम होती आणि तशी गरजही होती. बेफिकीर माणसाला तो प्रश्न लागू पडत होता. पण जो आधीच स्वतःवर नाराज आहे, अशा माणसानं त्या प्रश्नात पाशाच्या जागी स्वतःचं नाव घातलं. होर्डिंगं उतरली, प्रश्न काही डोक्यांतून उतरला नाही.

इथे मला जे समजलं आहे ते सांगते. समोर बसलेल्या माणसाकडे दोन प्रश्न असतात आणि ते एकमेकांत गुंतलेले असतात. एक, माझ्या रक्तात विषाणू आहे का? दुसरा, मी केलं त्याची शिक्षा मला होणार आहे का? पहिल्याचं उत्तर पाच मिलिलिटर रक्त देतं. दुसऱ्यासाठी कुठल्याच कंपनीनं किट काढलेलं नाही. तो दुसरा प्रश्न घेऊन लॅबमध्ये जातो, लॅब इमानदारीत पहिल्याचं उत्तर देते, आणि म्हणून त्याचं समाधान होत नाही. त्याला वाटतं, चाचणी चुकली असेल. चाचणी बरोबर असते; तिला विचारलेलं वेगळंच असतं. मावा खाऊन तोंड सोललेला माणूस कॅन्सरला इतका घाबरत नाही आणि एका चुंबनानं हा महिनोन्महिने झोपत नाही, ते यामुळेच. आपल्याकडे काही आजारांना नुसतं निदान नसतं, चारित्र्याचा दाखलाही जोडलेला असतो.

म्हणून मी आता आधी हे दोन प्रश्न वेगळे करते. पहिल्याचा निकाल लावायला तारीख लागते. घटना घडली तो दिवस आम्ही कागदावर लिहितो. प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्तावर होणारी चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचं पी-२४ प्रथिन आणि शरीरानं बनवलेली अँटिबॉडी, दोन्ही शोधते. तिच्यासाठी ४५ दिवस पुरतात. नुसती अँटिबॉडी पाहणारं किट असेल तर ९० दिवस थांबायचं. यालाच विंडो पिरियड म्हणतात. आधी केलेली चाचणी खोटी नसते, पण शेवटची नसते. त्या तारखेनंतरची निगेटिव्ह मात्र शेवटची, मधे नवा धोका घडला नसेल तर. आमच्याकडे पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली तरी तेवढ्यावर कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. आणखी दोन वेगळ्या चाचण्यांनी खात्री करतात. एवढं सगळं सांगून झालं की मी विचारते, “त्या तारखेनंतर निगेटिव्ह आली तर पुन्हा चाचणी करायची नाही. कबूल?” इथे तो अडखळतो.

कारण पुन्हा तपासण्यात आराम आहे. गजकर्ण खाजवलं की क्षणभर बरं वाटतं, तसा. रिपोर्ट हातात आला की दोन दिवस छान जातात. तिसऱ्या दिवशी शंका येते, नमुना बदलला असेल तर? किट मुदत संपलेलं असेल तर? प्रत्येक चाचणी मेंदूला एवढंच शिकवते की धोका खरा होता, म्हणून तर तपासावं लागलं. डॉक्टरांना विचारणं, मित्राला विचारणं, फोनवर शोधत बसणं, मला विचारणं, सगळं त्यातच आलं.

तेव्हा काम उलट्या बाजूनं करावं लागतं. जिभेचा अल्बम माझ्यासमोर डिलीट करायचा. गळा चाचपावासा वाटला की लगेच ‘नाही’ म्हणायचं नाही, ते जमत नाही, ‘तासाभरानं’ म्हणायचं. तासाभरानं इच्छा बरीचशी ओसरलेली असते, हे स्वतः अनुभवावं लागतं. झोप, काम, घर सगळंच विस्कटलं असेल तर मी मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी देते. तिथे त्याला वेडा ठरवत नाहीत. आजाराच्या धास्तीवर बोलण्याचे उपचार आहेत, गरज लागली तर औषधंही आहेत. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, एचआयव्हीची माहिती हवी असेल तर १०९७.

दुसऱ्या प्रश्नाचं मी काही करू शकत नाही, आणि तसं सांगतेही. “बायकोला सांगू का?” असं विचारतात. सांगणं हे कधी प्रामाणिकपणा असतो, कधी आपली धास्ती दुसऱ्याच्या पदरात टाकणं असतं. कुठलं ते त्यानंच ठरवावं, आणि भीती उतरल्यावर ठरवावं. जे केलं त्याचं वाईट वाटत असेल तर वाटू दे. वाईट वाटणं हा आजार नाही, त्यासाठी रक्त द्यावं लागत नाही.

शेजारच्या खोलीत बाधितांना औषधं देणारं लिंक एआरटी केंद्र आहे, त्यामुळे बाहेरचा बाक दोन्हीकडच्यांना एकच. औषधं घ्यायला येणाऱ्या एक मावशी ‘सिस्टर, आज लवकर सोडा, एसटी चुकेल’ म्हणत घाई करत असतात. सरकारी दवाखान्यात हे उपचार १ एप्रिल २००४ला मोफत सुरू झाले तेव्हापासून चित्र पालटत गेलं; गोळ्या नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला की संबंधांतून दुसऱ्याला लागणही होत नाही. मावशींना मुलाच्या आयटीआयच्या ॲडमिशनची काळजी आहे. बाकाच्या दुसऱ्या टोकाला आमचा निगेटिव्ह माणूस अंग चोरून बसलेला असतो. ज्या आयुष्याला तो मरण समजून घाबरतो, ते मावशी रोज जगत असतात, आणि त्यात एसटी चुकण्याची चिंताही मावते. त्याची भीती मला समजते. पण तिच्यात मावशींचा अपमान आहे, हेही मी कधीतरी त्याला सांगते. काही जण वरमतात. काहींना ते पहिल्यांदाच सुचलेलं असतं.

शेवटी तो दारातून वळून विचारतो, “नक्की ना, मॅडम?” पूर्वी मी ‘अगदी नक्की’ म्हणायची आणि तो आठवड्यानं पुन्हा यायचा. आता म्हणते, “याचं उत्तर तुमच्या खिशात आहे. मी पुन्हा देणार नाही.” त्याला ते तुटक वाटतं. कुणी रागावून दुसऱ्या लॅबची वाट धरतं. कुणी खरंच परत येत नाही. न येणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते सुटले की फक्त माझ्याकडे यायचे थांबले, हे मला कळायला मार्ग नसतो. त्यांना अर्धवट खात्रीवर दिवस काढायला सांगते, तर मलाही तेवढ्याच खात्रीवर पुढच्या माणसाला आत बोलवावं लागतं.