पाणचक्कीच्या गावी कॅप्चर कार्ड

छत्रपती संभाजीनगरला निघालो की शेजारीपाजारी ठराविक प्रश्न विचारतात : वेरूळ पाहणार की अजिंठा? हिमरू शाल आणणार का? औरंगाबादचे नाव २०२३ साली बदलले, प्रश्न मात्र तेच राहिले. यंदा भाऊबीजेला बहिणीकडे गेलो तेव्हा लेणी राहिली बाजूला, आणि मी हिंडलो तो तळहातावर मावणाऱ्या एका डबीसाठी. तिचे नाव कॅप्चर कार्ड.

आमचे भाचेबुवा अकरावीत आहेत. काकांनी परदेशातून आणलेल्या निन्टेन्डो स्विचवर ते आणि खालच्या मजल्यावरचा त्यांचा मित्र मांडीला मांडी लावून खेळत. जूनमध्ये मित्राचे बिऱ्हाड नागपूरला हलले. तेव्हापासून खेळात राम उरला नव्हता. आता आपला खेळ यूट्यूबवर थेट दाखवायचा, म्हणजे मित्राला नागपुरात बसून पाहता येईल, असा बेत होता. त्यासाठी वर्षभर साठवलेले अकरा हजार रुपये तयार होते, आणि तोंडात 'फोर-के' हा मंत्र.

"त्यापेक्षा सायकल घे," मेहुणे म्हणाले. बहिणीने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितले, "दादा, तू जा त्याच्याबरोबर. नको म्हणू नकोस, पण त्याचे पैसे पाण्यात जाऊ देऊ नकोस."

दुकाने उघडायला अवकाश होता, म्हणून आधी पाणचक्कीवर गेलो. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. मलिक अंबराने १६१० साली इथे खडकी हे गाव वसवले. नहरींनी पाणी खेळवण्याची इथली विद्या त्याच्या काळापासूनची. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून येते, आपल्याच दाबाने उंच भिंतीवर चढते आणि वरून हौदात कोसळते. याच पाण्याच्या जोरावर इथले जाते फिरे आणि यात्रेकरूंसाठी दळण होई. एकाच पाण्याने हौदही भरायचा आणि दळणही दळायचे!

"मामा, कार्डाचं कामही असंच," भाचेबुवा म्हणाले. स्विचमधून निघालेले चित्र एचडीएमआयच्या तारेने कार्डात शिरते. तिथे त्याच्या दोन वाटा होतात. एक तडक टीव्हीकडे जाते, दुसरी यूएसबीने संगणकाकडे, आणि तिथून जगाकडे. खेळणाऱ्याने टीव्हीकडेच पाहायचे, कारण संगणकावरचे चित्र क्षणभर मागे असते. त्यावर भिस्त ठेवली तर उडी मारायच्या जागी खड्ड्यात पडायचे. म्हणून कार्डाला एचडीएमआयची दोन तोंडे हवीत, एक आत घेणारे आणि एक बाहेर सोडणारे. स्वस्त डब्यांना पुष्कळदा एकच असते.

पैठण गेटाजवळच्या गर्दीतून एका दुकानात शिरलो. दुकानदाराने तीन प्रकार मांडले. पहिला हजाराच्या आतला, दुसरा तीन हजारांचा, तिसरा नामांकित कंपनीचा, वीस हजारांच्या घरातला. मौज अशी की तिन्ही खोक्यांवर 'फोर-के' छापलेले! स्वस्त डबीवर त्याचा अर्थ एवढाच, की तेवढे मोठे चित्र ती आत घेते. संगणकाला देताना लहानच करून देते.

मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. १९२० रुंद आणि १०८० उंच असे चित्र सेकंदाला ६० वेळा, म्हणजे सुमारे साडेबारा कोटी ठिपके. ठिपक्याला १६ बिट धरले, तर सेकंदाला दोनशे कोटी बिट होतात. यूएसबी २.० च्या नळीतून फार तर ४८ कोटी जातात, यूएसबी ३.० मधून ५०० कोटी. स्वस्त डबीची नळी २.० ची; म्हणून ती चित्र दाबून पाठवते, आणि तेही बहुधा सेकंदाला तीसच. धावपळीच्या खेळात मग सगळे गिचमिड दिसते.

तिसऱ्याची गरज होती का? स्विच स्वतःच १०८० च्या वर जात नाही. २०२५ साली आलेले स्विच २ जाते, पण ते घरात नव्हते. प्लेस्टेशन ५ असते तर कार्डावाचूनही भागले असते, कारण त्याला स्वतःलाच थेट प्रक्षेपण करता येते. त्याला कार्ड जोडायचेच झाले, तर आधी एचडीसीपी ही सोय बंद करावी लागते, नाहीतर पडदा काळा. आणि संगणकावरच खेळणाऱ्याला ओबीएस हा फुकटचा प्रोग्रॅम पुरतो.

तेव्हा मधले उचलले, पण तपासून. भाचेबुवांनी पिशवीतून स्विच, त्याचा डॉक आणि लॅपटॉप काढून गल्ल्याशेजारीच संसार थाटला. ओबीएसमध्ये १०८० आणि ६० हे आकडे दिसले, आवाज आला, चित्र फाटले नाही. दुकानदाराने मान डोलावून पावती फाडली.

उरलेल्यातून राउटरपासून खोलीपर्यंत पोचणारी तार घेतली. घरातून बाहेर जाणारा वेग सेकंदाला निदान सहा मेगाबिट नसेल, तर भारी कार्डही बिचारे काय करणार? बाकीचे आठेक हजार आईकडे जमा झाले. मेहुण्यांनी ते दोनदा मोजले.

रात्री प्रक्षेपण सुरू झाले. प्रेक्षक तीन : नागपूरचा मित्र, स्वयंपाकघरात फोन टेकवून बसलेली बहीण, आणि तिसरा कोण ते मेहुणे कबूल करीत नव्हते. मित्र लिहून सूचना धाडी, "डावीकडे बघ!" यूट्यूबच्या वाटेने चित्र नागपुरास पोचून सूचना परत येईतो काही सेकंद जात, आणि तोवर भाचेबुवा खड्ड्यात गेलेले असत. त्यावर वीस हजारांच्या कार्डाचाही इलाज नाही. पण त्या सूचनेला भाचेबुवा दर वेळी मोठ्याने हसत, आणि जूनपासून ते हसू त्या घरात कोणी ऐकले नव्हते.