टोपी, दोन रंगांची

आमच्या अ‍ॅबरडीनला डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो आणि वारा थेट उत्तर समुद्रावरून येतो. यंदा त्याच महिन्यात आई येते आहे, नाशिकहून. "थंडीचं कौतुक मला नको सांगूस, आमच्या निफाडलाही पडते!" इति मातोश्री. तेव्हा टोपी विणायची हे मी परस्परच ठरवून टाकलं.

विणकाम मला तिनेच शिकवलं. दोन सुया, एक रंग, पाठ वेगळी, पोट वेगळं, मग शिवायचं. दोन रंगांची नक्षी मात्र मी इथे आल्यावर शिकले. इथून संध्याकाळी सुटणारी बोट सकाळी शेटलंडला पोचते. शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मधोमध फेअर आइल नावाचं चिमुकलं बेट आहे, त्याच्याच नावाने ही तऱ्हा ओळखतात. बघायला भयंकर अवघड, पण खरं गुपित एवढंच की एका ओळीत दोनच रंग असतात.

आणि नवशिक्यांनी सुरुवात टोपीनेच करावी, असं माझं ठाम मत आहे. वायरने जोडलेल्या सुईवर गोल गोल विणत जायचं, त्यामुळे सुलट बाजू कायम आपल्यासमोर. बॉर्डर सोडली तर उलट टाका घालावाच लागत नाही. आईच्या डोक्याचा घेर साडेएकवीस इंच (ब्लाउजच्या टेपने मोजून कळवला). इंचाला पाच टाके बसतात, म्हणून ९६ टाके घेतले. घेर दोनेक इंच कमी भरतो, पण लोकर ताणते आणि टोपी घट्ट बसते. आधी दोन सुलट-दोन उलट अशी दोन इंच बॉर्डर, मग नक्षी. वापरात नसलेला रंग मागून सैल न्यायचा. रंग बदलताना सुईवरचे टाके जरा पसरून घेतले की धागा आपोआप पुरेसा लांब सुटतो. आवळला तर टोपी चिंबते. आणि पाच टाक्यांपेक्षा लांब धागा लोंबू द्यायचा नाही, नाहीतर आईच्या आकड्यात अडकणार! मागच्या ह्या धाग्यांमुळेच टोपी दुप्पट उबदार होते.

हे सगळं सोपं. अवघड होता तो रंग.

बाबा गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आई फिकं नेसते. कुणी सांगितलं नाही, आमच्याकडे तसा दंडकही नाही. विचारलं तर "आता या वयात काय" म्हणून विषय बदलते. टोपीबद्दलही तेच. "राखाडी कर. साधी."

"अगं, राखाडीवर राखाडी नक्षी दिसणार कशी? दुसरा रंग लागतोच."

"मग फिकी राखाडी घे."

मी वाद घातला नाही. घरातल्या सगळ्या गुंड्या टेबलावर मांडल्या, फोटो काढला आणि तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सोबत तोच फोटो कृष्णधवल करूनही. ही इथल्या विणणाऱ्या बायकांची युक्ती. रंग वेगळे असून भागत नाही, एक गडद आणि एक उजळ असावा लागतो, आणि रंग काढून घेतला की ते लगेच कळतं.

दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. "ती गडद राखाडी नको हं. काळ्या-पांढऱ्या फोटोत डाळिंबी तिच्यात बुडून जातोय. फिकीवर उठून दिसेल."

डाळिंबीचं नाव मी काढलं नव्हतं. टेबलावर नऊ गुंड्या होत्या. मी फक्त "बरं" म्हटलं. जास्त बोलले असते तर ती पुन्हा राखाडीवर गेली असती, मी ओळखून आहे तिला.

असो. नक्षी काल संपली, छोटी छोटी शंकरपाळी आहेत. आता वरचा भाग तेवढा राहिलाय. दर दहा टाक्यांनंतर दोन एकत्र विणायचे, म्हणजे एका फेरीत आठ कमी होतात. मग एक फेरी साधी. असं करत आठच टाके उरले की त्यांतून धागा ओवून आवळायचा.

उरलेल्या डाळिंबी लोकरीचं मी काय करणार आहे, हे मातोश्रींनी आत्ताच विचारून ठेवलंय. मफलर होईल का म्हणे.