मोटारीचीं पायताणें

थंड देशांतील लोक वर्षांतून दोन वेळां मोटारीचीं पायताणें बदलतात. हवेची उष्णता सात अंशांच्या खालीं उतरली, कीं उन्हाळी टायरांचें रबर कठीण होतें आणि रस्त्यावरील पकड सुटते. म्हणून बर्फ पडण्यापूर्वींच मऊ रबराचे, बारीक चिरा पाडलेले हिवाळी टायर चढवावयाचे. फिनलंडांत १९३४ सालीं मालमोटारींकरितां असा टायर निघाला. जर्मनींत २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायरांवांचून गाडी चालविणें हा अपराधच ठरला आहे. आमच्या बिलोलीस ही पीडा नाहीं. पौषांतल्या पहांटेंसही येथील पारा सहसा सात अंशांपर्यंत उतरत नाहीं, आणि वैशाखांत तर तो चाळिशी ओलांडून जातो. तेव्हां युरोपांत ज्यास उन्हाळी टायर म्हणतात, तो आम्हांस बारमास पुरावा असें वाटणें साहजिक आहे. आमच्या जावईबापूंचेंही हेंच म्हणणें होतें.

जावईबापू हैदराबादेस असतात. गेल्या माघांत त्यांनीं नवी स्पोर्ट्‌स मोटार घेतली. गाडी इतकी बसकी, कीं तींत बसतांना दंडवत घालावें लागतें. स्वकष्टाच्या पैशानें हौस केली, त्यांत आक्षेप घेण्याजोगें कांहीं नव्हतें. परंतु ज्येष्ठांत आमच्या कन्येस सातवा महिना लागला. आठव्यांत प्रवास नको, म्हणून तिला तेव्हांच बाळंतपणास आणावयाचें ठरलें, आणि आमच्या मंडळींनीं तिला रेल्वेनें धर्माबादेस उतरवून घेतलें. मुलीची सोय झाली. माझी काळजी निराळी होती. भाद्रपदांतल्या कोणत्या तरी रात्रीं येथून फोन जाणार, आणि तो ऐकून जो माणूस एकटा, भर पावसांत दोनशेंवर किलोमीटर निघेल, त्याचें लक्ष वेगाच्या कांट्याकडे असणार नाहीं.

जामातास उपदेश करणें ही आपल्या घरांतून फार अवघड बाब. सासऱ्याचा एक शब्द अधिक झाला, तर त्याचा भार मुलीस वाहावा लागतो. "तुम्ही बोलूं नका, मी तिच्याकडून बोलवितें," असें मंडळींनीं सुचविलें. पण टायरांचा प्रश्न माजघराच्या मध्यस्थीनें कसा सुटावा? मीं सरळ फोन केला आणि, "टायरावर काय आंकडे आहेत, तेवढे वाचून दाखवा पाहूं," इतकेंच म्हणालों.

आंकडे निघाले २४५/४० आर १८, आणि शेवटीं वाय हें अक्षर. पहिला आंकडा टायराची रुंदी, मिलिमीटरांत. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा किती. येथें ती ९८ मिलिमीटर भरते, म्हणजे अर्धी वीतसुद्धां नाहीं. तिसरा आंकडा चाकाच्या लोखंडी कड्याचा व्यास, इंचांत. आणि वाय म्हणजे ताशीं ३०० किलोमीटर वेग सोसण्याची हमी! समृद्धि महामार्गावर १२० ची मर्यादा आहे. आमच्या बोधनच्या वाटेवर, येसगीपाशीं मांजरेचा पूल उतरल्यावर, साठांनीं गेलें तरी पोटांतलें पाणी हलतें. पावसांत खड्डे भरून गेले कीं ते दिसत नाहींत. शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर रेगडीचा चिखल डांबरावर येतो, आणि तो ओला झाला म्हणजे लोण्याहून निसरडा. अशा ठिकाणीं खड्ड्याच्या कडेवर आपटून बुटकी भिंत चिरली, तर पुढें काय? या गाडींत स्टेपनीच नाहीं. एक डिंकाची बाटली आणि छोटा पंप दिलेला आहे. त्यानें खिळ्याचें भोंक बुजतें, चिरलेली भिंत नव्हे.

जावईबापूंनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, "पण बाबा, रुंद टायराची पकड अधिक असते." कोरड्या रस्त्यावर हें अगदीं खरें आहे. पाण्यांत मात्र गणित उलटतें. प्रत्येक चाक रस्त्यास टेंकतें तें सुमारें तळहाताएवढ्या जागेवर. तेथलें पाणी टायराच्या खांचांतून बाहेर निघालें, तरच रबर डांबरास भिडतें. वेग वाढला, खांचा उथळ असल्या, किंवा पाणी फार सांचलेलें असलें, कीं चाकापुढें पाण्याची पाचर बनते आणि गाडी तिच्यावर चढून नावेसारखी तरंगूं लागते. मग स्टिअरिंगही फुकट आणि ब्रेकही फुकट. टायर जितका रुंद, तितकें अधिक पाणी त्याला हुसकावें लागतें. हवा कमी असली तर हें संकट लवकर ओढवतें. कित्येक ड्रायव्हर पकड वाढेल म्हणून पावसाळ्यांत मुद्दाम हवा कमी करतात, तें सर्वस्वीं चुकीचें आहे. आपल्या कायद्यानें मोटारीच्या टायराची खांच १.६ मिलिमीटरांपर्यंत झिजलेली चालते. नव्या टायरांत ती बहुधा आठांच्या आसपास असते. मजकडे कायदा असता, तर मीं मृगापूर्वीं चारांच्या खालचा टायर रस्त्यावर येऊं दिला नसता.

हंगामापूर्वीं चाकें पाहण्याची रीत आम्हांस नवी नाहीं. उन्हाळ्यांत बैलगाडीच्या चाकाचें लाकूड सुकून आकसतें आणि त्यावरची लोखंडी धाव ढिली पडते. लोहार ती काढून जरूर तेवढी लहान करी, गोवऱ्यांच्या आरांत लाल तापवी, आणि चाकावर बसवून वर पाणी ओती. चर्र आवाज होऊन धाव आवळून बसे. पुढें टायरगाड्या आल्या आणि ही विद्या मागें पडली. हवेच्या टायराचें श्रेय आपण डनलॉपला देतों. १८८८ सालीं बेलफास्टच्या या गुरांच्या डॉक्टरानें तो बनविला, तो मुलाच्या तीनचाकीकरितां. थॉमसन नांवाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थानें चाळीस वर्षांपूर्वींच ही कल्पना नोंदवून ठेविली होती, पण त्याच्या काळीं ती चालली नाहीं.

दोन दिवस फोन आला नाहीं. कन्येचा चेहरा पाहून मंडळी माझ्याकडे पाहत. तिसऱ्या दिवशीं जावईबापूंनीं स्वतः हिशेब करून कळविला: सतरा इंची कडीं आणि त्यांवर २२५/५० चे टायर. रुंदी वीस मिलिमीटर कमी, भिंत साडेचौदा मिलिमीटर उंच, आणि एकंदर व्यासांत अवघा साडेतीन मिलिमीटरांचा फरक. म्हणजे वेगाचा कांटा खोटें बोलणार नाहीं. ब्रेकला हें कडें घासत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें होतें. भारांक पुरेसा होता. गाडीच्या पुस्तकांत हें माप मान्य केलेलें होतें. मीं फक्त एकच पुस्ती जोडली, कीं टायराच्या भिंतीवरचे चार आंकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. एका दुकानदारानें "अगदीं ताजा माल" म्हणून पुढें केलेले टायर अडीच वर्षांचे निघाले. ते त्यांनीं परत केले. पांचवी चकती व एक टायर मागच्या डिकींत बसत नाहीं, म्हणून तो शेजारच्या सीटवर पट्ट्यानें बांधून ठेवावयाचा ठरला.

फोन भाद्रपद शुद्ध चतुर्थीस, रात्रीं अकरा वाजतां गेला. पाऊस तिकडेही होता आणि इकडेही. पहांटे साडेचारांस गाडी दाराशीं लागली, ती दरवाजाच्या मुठीपर्यंत रेगडीनें माखलेली. जावईबापू उतरले आणि प्रथम विचारते झाले, "बाबा, सर्व ठीक ना?" नात तोंवर तीन तासांची झाली होती. शेजारच्या सीटवरचा टायर पाहून आमच्या मंडळींनीं विचारलें, कीं या पाहुण्यासही चहा ठेवावयाचा काय.