गाडीतला गरम वारा

माझे अण्णा भाड्याची गाडी चालवतात. ऐन वैशाखात गाडीतला एसी गरम वारा फेकू लागला. दोन भाडी हातची गेली. अण्णांना घोर लागला. कुणी म्हणालं, "गॅस संपला असेल, भरून टाका."

गॅरेजचे मिस्त्री मात्र म्हणाले, "गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधू." मी तिथेच उभा राहून सगळे पाहिले.

त्यांनी इंजिन चालू करून एसी लावला. कॉम्प्रेसर फिरेना. गॅसचा दाब फार उतरला की तो आपोआप बंद राहतो. मग त्यांनी रेडिएटरपुढची जाळी तपासली. तिला कंडेन्सर म्हणतात. गॅसमधली उष्णता तिथून बाहेर जाते. तिथल्या नळीच्या जोडावर तेलकट डाग होता. मिस्त्रींनी साबणाचा फेस लावला, तर बुडबुडे आले! आतली रबरी कडी चिरली होती.

उरलेला गॅस त्यांनी मशीनमध्ये ओढून घेतला. आर-१३४ए नावाचा हा गॅस हवेत सोडला तर पृथ्वीची उष्णता वाढवतो. नवी कडी बसवली. अर्धा तास पंप लावून आतली हवा व ओल काढली. मग गॅस वजन करून भरला. वारा गारेगार!

नुसता गॅस भरला असता, तर तोही गळून गेला असता आणि अण्णांचे पैसेही. मित्रांनो, दुखणे ओळखावे, मगच औषध द्यावे. यंत्राचेही तसेच आहे.

— इयत्ता ७ वी