चारूची दुर्बीण

सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’मध्ये (१९६४) चारू नात्याने दीर असलेल्या अमलला प्रेमाचं एक वाक्यही ऐकवत नाही. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’वर बेतलेल्या या चित्रपटात तिच्या हाती दांडीची एक छोटी दुर्बीण आहे. सुरुवातीला खिडकीच्या झडपांतून ती रस्ता न्याहाळते. मग नवरा, भूपती, पुस्तकात डोकं घालून शेजारून निघून जातो. त्याला तिची चाहूलही लागत नाही. दुर्बीण डोळ्यांना लावून ती त्याची पाठमोरी आकृती पाहते. हाताच्या अंतरावरचा माणूस जवळ आणायला दुर्बीण लागावी, यात त्यांच्या संसाराची कथा आली.

पुढे बागेत ती झोपाळ्यावर असते, अमल चटईवर लिहीत असतो. तिची दुर्बीण शेजारच्या घरातल्या, मूल कडेवर घेतलेल्या बाईपाशी थबकते आणि तिथून अमलकडे वळते. दुर्बीण खाली येते तेव्हा माधवी मुखर्जींच्या चेहऱ्यावरचा खेळकरपणा मावळलेला असतो.

वर्गात या दृश्याविषयी बोलताना विद्यार्थी हमखास विचारतात, ‘म्हणजे तिचं त्याच्यावर प्रेम होतं का?’ मला हा प्रश्न घाईचा वाटतो. अव्यक्त प्रेम म्हटलं की मनात सारं सिद्ध आहे, फक्त ओठांवर आलेलं नाही, असं आपण गृहीत धरतो. इथे मात्र चारूपाशीही त्या भावनेला अद्याप नाव नाही. तिच्या आधी ते आपल्याला उमगतं, आणि परक्याचं पत्र वाचल्यासारखा संकोच वाटतो.