काट्याची बॅटरी

बाबा गेल्यावर गाडी विकू, असं कोणी म्हणालं नाही, आणि चालवू असंही कोणी म्हणालं नाही. गोठ्याच्या छपरीत सोयाबीनच्या कुटाराला टेकून ती चौदा वर्षं उभी राहिली. कोंबड्या सीटवर बसायच्या. हँडलला दोर, जू, फाटकी ताडपत्री, जे हाताला येईल ते अडकवलेलं.

ही येझदी बाबांनी १९९२ साली घेतली. तेव्हा कापूस एकाधिकार खरेदीत जायचा आणि चुकारा कधी हातात पडेल याचा नेम नसायचा. त्या वर्षी पडला. पुढे चारच वर्षांनी, १९९६ मध्ये, म्हैसूरचा कारखाना बंद झाला. चिखलीला पार्ट मिळेना तेव्हा बाबा खामगावपासून मलकापूरपर्यंत पालथं घालायचे, पण गाडी बदलली नाही.

यंदा एप्रिलमध्ये दहा दिवस गावी होतो. म्हटलं, बघू. टाकीचं झाकण उघडलं तर आतून पेट्रोलऐवजी जुन्या वार्निशचा वास. तळाशी गंजाचे पापुद्रे. टाकी काढून आत मूठभर बारीक खडी आणि डिझेल टाकलं आणि तासभर हलवत बसलो. दंड भरून आले. (पूर्वी हे काम रॉकेलनं व्हायचं. आता रॉकेल म्हटलं तर पोरं तोंडाकडे बघतात.) कार्बोरेटरच्या जेटचं छिद्र बुजलं होतं, ते फुंकून मोकळं केलं. एका सायलेन्सरच्या शेपटात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. ते स्क्रू ड्रायव्हरनं कोरून काढताना जरा वाईट वाटलं. टू-स्ट्रोक गाडी, म्हणून दोन लिटर पेट्रोलमध्ये ऐंशी मिली ऑइल मोजून घातलं, आणि किक मारायला सुरुवात केली.

येझदीची किक हा वेगळाच प्रकार आहे. किक आणि गिअर यांना दांडी एकच, तीही डाव्या बाजूला. आत दाबून वर फिरवली की किक, खाली आणली की गिअर. चाळीसेक किका मारल्या असतील. एकदा चप्पल सटकली आणि दांडी उलटी येऊन नडगीवर बसली. डोळ्यांसमोर काजवे चमकले.

त्या आवाजानं शेजारच्या गल्लीतले मिस्त्री आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, दुकान कधीच बंद केलेलं. थोडा वेळ नुसते पाहत राहिले.

"काहून मारून राहिला बापा तिले? करंट पाह्यला का?"

नव्हता पाहिला. प्लग काढून हेडला टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. मिस्त्रींनी उजव्या बाजूचं झाकण खोललं, आतले पॉइंट दाखवले. ज्वारीच्या दाण्याएवढ्या त्या दोन टिकल्या एकमेकींवर आपटतात आणि सुटतात, सुटताना प्लगला करंट जातो. दोन्हींवर करडी बुरशी धरावी तसा थर. पॉलिश पेपरची घडी मध्ये सरकवून त्यांनी दोनचारदा ओढली. मग शर्टाच्या खिशातून एक लग्नपत्रिका काढली, तिची बारीक पट्टी फाडली आणि पॉइंटच्या फटीत घालून पाहिली. पट्टी अडली. स्क्रू सैल करून किंचित सरकवलं. आता ती अडेना, सैलही जाईना. मी मोबाइलवर फट ०.४ मिलिमीटर असावी असं वाचलं होतं, ते सांगितलंही. त्यांनी पत्रिका परत खिशात ठेवली. लग्नाला जायचं होतं त्यांना.

तरी करंट नाहीच, कारण बॅटरी मेलेली. ही गाडी बॅटरीशिवाय ठिणगी देत नाही आणि बॅटरी लागते सहा व्होल्टची. माझ्याकडे फवारणी पंपाची होती, पण ती बारा व्होल्टची. "कॉइल जाळतं का?" म्हणत मिस्त्री उठले आणि किराणा दुकानात जाऊन वजनकाट्याची बॅटरी घेऊन आले. ती सहा व्होल्टचीच असते, हे मला कधी सुचलं नसतं. सुतळीनं बांधली, वायरी जोडल्या. प्लगवर निळी ठिणगी कडाडली.

मग त्यांनी मला बाजूला केलं. कार्बोरेटरवरची बारकी कळ पेट्रोलनं बोट ओलं होईपर्यंत दाबली. चावी बंद ठेवून दोन सावकाश किका मारल्या. चावी लावली. तिसरी किक जोरात.

फट्. मग काही नाही. पुन्हा एक, आणि गाडी खाडकन चालू झाली. नळ्यांमधून पांढरा धूर असा सुटला की अंगणच दिसेना. आत वाळलेल्या सिलातून गिअर ऑइल ओढून घेतंय, जाईल हळूहळू, असं मिस्त्री म्हणाले. पण अंगणात आईनं कुरोड्या वाळत घातल्या होत्या. तिनं आम्हां दोघांनाही जे ऐकवलं, ते इंजिनच्या आवाजात निम्मंच कळलं.

मी बसलो आणि गिअर टाकायला पाय नेला, तर खाली दांडीच नाही! ती किकच्या जागी वरच उभी. मिस्त्री हसले. दांडी खाली आणली, पहिला टाकला आणि येशीपर्यंत जाऊन आलो. परतलो तर किराणा दुकानदाराचा पोरगा दारात उभा.

"दादा, काटा बंद हाये. बाबा म्हणे, बॅटरी आण."

म्हटलं, मीच आणून देतो. गाडीवरूनच गेलो. दुकानात एक म्हातारी अर्धा किलो साखरेसाठी खोळंबली होती, गाडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत. दुकानदारानं खाली वाकून वायरी उपटल्या. फटफट थांबली आणि काट्यावर लाल शून्यं उमटली.

घर तिथून चढावर आहे. ढकलत आणली.